पुढच्या रविवारी

मोकळ्या वेळेसाठी मराठीत शब्दांची वाण नाही. सवड, उसंत, फुरसत, विसावा, रिकामपण असे कितीतरी शब्द आहेत, आणि प्रत्येकाची छटा निराळी. सवड काढावी लागते, उसंत मिळावी लागते. रिकामपण मात्र दिसले की लोक 'रिकामटेकडा' म्हणून मोकळे होतात. 'सुटी' हा शब्द यांहून वेगळा आहे. त्याचे मूळ 'सुटणे' या क्रियापदात आहे, आणि सुटतो तो आधी बांधलेला असतो.

शनिवार-रविवारचे नियोजन कसे करावे, मोकळा वेळ सत्कारणी कसा लावावा, याविषयीचे सल्ले आज मुबलक मिळतात. त्यांत काही वावगे नाही. पण हा सल्ला एक गोष्ट गृहीत धरतो : मोकळा वेळ केव्हा येणार, हे माणसाला आधीपासून ठाऊक आहे. योजना आखायला निश्चिती लागते. ही निश्चिती आपल्याकडे कोणाला, केव्हा आणि कशी मिळाली, हा प्रश्न आम्हाला अधिक मोलाचा वाटतो. त्याचा शोध घेताना आम्ही कडेगाव आणि मुंबई ही दोन ठिकाणे समोर ठेवली आहेत.

कडेगाव आज सांगली जिल्ह्यातील तालुक्याचे गाव आहे. हा तालुका 2002 साली झाला. त्यापूर्वी कडेगाव खानापूर तालुक्यात होते. दक्षिण सातारा जिल्हा 1949 साली वेगळा झाला आणि 1960 साली त्याचे नाव सांगली असे ठेवण्यात आले. म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कडेगावचा मुलूख सातारा जिल्ह्याचा होता, आणि त्या जिल्ह्याच्या कोरडवाहू पट्ट्यातून मुंबईच्या गिरण्यांना माणसे मिळत होती.

गावाच्या जुन्या जीवनात साप्ताहिक सुटी नव्हती. पण वेळेला ठरलेले टप्पे होते. आठवड्याचा बाजार त्यांपैकी एक. त्या दिवशी शेतातले काम आटोपते घेतले जाई. विक्री, उधारीचा हिशेब, सोयरिकीची बोलणी, पाहुण्यांची गाठभेट हे सगळे बाजारच्या वारावर टाकलेले असे. वर्षातून एकदा बेंदूर येई आणि त्या दिवशी बैलाच्या मानेवर जू ठेवले जात नसे. ही विश्रांती कोणी मागून घेतलेली नव्हती. ती रीतच होती.

कडेगावचे मोहरमचे ताबूत या दृष्टीने विचार करण्यासारखे आहेत. बांबू आणि कागदाचे, शंभर फुटांहून उंच असे हे ताबूत हिंदू आणि मुसलमान मिळून उभे करतात. त्यांच्या भेटींचा सोहळा पाहायला दुरून लोक येतात आणि ऐक्याचे प्रतीक म्हणून त्याचे कौतुक होते, ते योग्यच आहे. आमचे लक्ष मात्र त्यात गेलेल्या वेळेकडे जाते. हिजरी वर्ष चांद्र असल्याने मोहरम दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो आणि सुमारे 33 वर्षांत सगळ्या ऋतूंतून फिरून येतो. एखाद्या पिढीत तो उन्हाळ्याच्या रिकाम्या दिवसांत येतो, तर एखाद्या पिढीत ऐन पेरणीत किंवा भांगलणीत. तरीही बांधणी होते. शेतीची सवड पाहून ही तारीख ठरत नाही. तारीख ठरलेली असते आणि सवड तिच्यासाठी काढली जाते. कोणी काय करायचे हेही परंपरेने वाटलेले असते. मोकळ्या वेळेचे इतके काटेकोर सामुदायिक नियोजन आम्हाला दुसरीकडे क्वचितच दिसते.

गिरणीत गेलेल्या माणसाचे हे टप्पे मोडले. मुंबईची पहिली कापडगिरणी 1850 च्या दशकात सुरू झाली. पुढची काही दशके कामाचा दिवस उजेडावर मोजला जाई. सणावारी गिरण्या बंद राहत. पण दर आठवड्याला हक्काचा म्हणता येईल असा वार नव्हता. 1881 च्या कारखाना कायद्याने महिन्यातून चार सुट्या दिल्या, त्याही केवळ बालकामगारांना.

नारायण मेघाजी लोखंडे यांचे कार्य या पार्श्वभूमीवर पाहावे लागते. सत्यशोधक विचारांचे लोखंडे 'दीनबंधु'चे संपादक होते. सप्टेंबर 1884 मध्ये त्यांनी मुंबईत गिरणी कामगारांच्या सभा भरवल्या. पाच हजारांहून अधिक कामगारांच्या नावांनिशी तयार झालेल्या अर्जात दर रविवारी सुटी ही मागणी होती. दुपारी अर्धा तास विश्रांती, सूर्यास्ताला कामाचा शेवट, वेळेवर पगार याही मागण्या त्यात होत्या. 24 एप्रिल 1890 रोजीच्या सभेला सुमारे दहा हजार कामगार जमले आणि दोन स्त्री कामगारही तेथे बोलल्या. त्याच वर्षी 10 जूनला गिरणीमालकांच्या संघाने रविवारची सुटी मान्य केली, आणि 1891 च्या कायद्याने साप्ताहिक सुटीला आधार दिला. रविवार साहेबाच्या प्रार्थनेचा वार खरा. पण सातारा भागातल्या माणसाला तो परका नव्हता. जेजुरीच्या आणि पालीच्या खंडोबाचा तो वार होता.

या विजयाचे वर्णन 'विश्रांती मिळाली' असे केले जाते. आमच्या मते त्याहून मोठी गोष्ट घडली. 'पुढच्या रविवारी' असे शब्द कामगाराला उच्चारता येऊ लागले. पुढच्या रविवारी भजन आहे, गाववाल्यांची बैठक आहे, सभा आहे, असे आधी सांगता येऊ लागले. गिरणगावातली भजनी मंडळे, तालमी, गावोगावच्या मंडळींच्या बैठका, वाचनालये आणि पुढे युनियनच्या सभा यांना अशा ठरलेल्या वेळेचा आधार होता. वाटेगावचे अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि गवाणकर यांनी 1944 साली लाल बावटा कलापथक उभे केले. कलापथकाला कलावंत लागतात, तसा एका वेळी मोकळा असणारा श्रोताही लागतो. मराठीतल्या कामगार साहित्याचा विचार करताना या श्रोत्याचा रविवार सहसा हिशेबात धरला जात नाही.

याला दुसरी बाजू आहे. 1890 च्या सभेत स्त्रिया बोलल्या. पण घरातल्या कामाला रविवार कधी लागू झाला नाही. पुरुष घरी असल्याने त्या दिवशी चुलीचे काम वाढलेच असेल. जात्यावरची ओवी दळण चालू असतानाच रचली गेली, ही गोष्ट या संदर्भात आठवते. कलापथकाची कला सुटीच्या आश्रयाने वाढली. ज्यांना सुटी नव्हती, त्यांनी श्रमाच्या लयीतच आपले साहित्य रचले. हे दोन्ही प्रवाह शिकवताना त्यांमागचा वेळेचा फरकही शिकवला जावा असे आम्हाला वाटते.

आजच्या कडेगाव तालुक्यात ताकारी आणि टेंभू योजनांचे पाणी पोचले आहे आणि माळावर ऊस उभा आहे. पण शेतकऱ्याचा वेळ आता पाण्याच्या आवर्तनावर आणि विजेच्या पाळीवर चालतो. पाळी रात्रीची असेल तर रात्र शेतात जाते. ती रविवारी आली तर रविवार उरत नाही. गाळपाच्या हंगामात कारखाना अहोरात्र चालतो. मराठवाड्यातून आलेल्या ऊसतोडणीच्या टोळ्यांत नवराबायकोची जोडी मिळून एक 'कोयता' धरली जाते. मजुरी टनावर असते, खाडा झाला तर दंड पडतो आणि वाहन येईल त्या वेळी, मध्यरात्रीसुद्धा, ऊस भरावा लागतो. लोखंड्यांनी 1884 साली मागितलेला वार हंगामाच्या पाच-सहा महिन्यांत या माणसांच्या वाट्याला येत नाही.

म्हणून शनिवार-रविवारचे नियोजन ही आम्हाला केवळ शिस्तीची किंवा आवडीची बाब वाटत नाही. ज्याच्यापाशी ठरलेला वार आहे, त्याच्या मागे कोणाचा तरी लढा किंवा कुठली तरी रीत उभी आहे. त्या वाराचे काय करावे, हे ज्याचे त्याने ठरवावे. कडेगावचे ताबूत आणि गिरणगावची कलापथके यांनी त्याचे जे केले त्यात एक समान सूत्र दिसते : वेळ आधीच दुसऱ्या कोणाला तरी दिलेला होता, म्हणून तो वाया गेला नाही.