घर विकत घेणारा आणि मधला माणूस

बोईसर स्थानकाहून एक रस्ता पश्चिमेस समुद्राच्या रोखानें जातो. तो जेथें पोंचतो तें नवापूर. नंदुरबारकडील नवापूर निराळें. हें पालघर तालुक्यांतील, किनाऱ्यावरचें, मासेमारीवर पोसलेलें गांव. त्याच रस्त्याच्या बोईसरकडील टोंकाला मात्र इमारतींची दाटी झाली आहे, आणि तेथें किराणा, औषधें व कापड यांच्या दुकानांच्या जोडीनें आणखी एका धंद्याच्या पाट्या दिसतात. घरें व जागा मिळवून देणाऱ्यांच्या या पाट्या. कारखान्यांत नोकरीस आलेला गृहस्थ, मग तो सांगलीचा असो कीं आझमगडचा, घर पाहावयास निघाला म्हणजे प्रथम या पाटीखालीं जाऊन बसतो. आयुष्यभराची शिल्लक आणि पुढील वीस वर्षांचें कर्ज ज्या व्यवहारांत गुंतावयाचें, त्याचा आरंभ एका अनोळखी माणसाच्या शब्दावर व्हावा, हें इतकें अंगवळणीं पडलें आहे कीं हा मधला माणूस घराच्या व्यवहारांत शिरला केव्हां, असा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाहीं.

मालमत्तेच्या खरेदीचा लेखी पुरावा आपल्याकडे फार जुना आहे. नाशिकच्या पांडवलेण्यांत क्षत्रप नहपान याचा जांवई उषवदात याचे लेख कोरलेले आहेत. ज्या नद्यांवर त्यानें प्रवाशांसाठीं फुकट नावा ठेविल्या त्यांत दमण व तापी यांच्याबरोबर ‘डाहनुका’ या नदीचें नांव येतें. विद्वान ती डहाणूची मानतात, म्हणजे तारापूरपासून ती फार दूर नव्हे. याच उषवदातानें लेण्यांतील भिक्षूंच्या अन्नासाठीं एक शेत घेतलें, त्याचीही नोंद तेथें आहे. विकणारा वाराहीपुत्र अश्वभूति नांवाचा ब्राह्मण; शेत त्याच्या बापाचें; जागा नगराच्या सीमेवर वायव्येस; मोल ४००० कार्षापण. कोणी विकलें, त्यास तें कोठून आलें, तें कोठें आहे आणि केवढ्यास गेलें, या चार प्रश्नांचीं उत्तरें एका ओळींत दिलेलीं आहेत. आजचा वकील तीस-तीस वर्षांचीं दप्तरें चाळून हींच उत्तरें धुंडाळीत असतो. राजाच्या जांवयानें शेत बळकाविलें नाहीं, मोल मोजून घेतलें आणि तसें दगडावर कोरविलें, हेंही लक्षांत ठेवण्याजोगें आहे. मध्यस्थाचें नांव मात्र त्या लेखांत नाहीं.

तें कां नसावें, याचा उलगडा कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत होतो. घर किंवा जमीन विकावयाची झाल्यास ती घेण्याचा पहिला हक्क भाऊबंदांचा, नंतर शेजाऱ्यांचा, नंतर सावकारांचा. या तिघांनीं सोडल्यावर बाहेरच्यांचा, असा क्रम तेथें घालून दिला आहे. विक्री गुपचूप करावयाची नाहीं. आसपासच्या चाळीस कुळांसमक्ष, घराच्या दारापुढें उभें राहून ती पुकारावयाची. शेताची झाल्यास सीमेवर, गांववृद्धांसमक्ष, मर्यादा सांगून पुकारावयाची. ‘या किंमतीस कोण घेतो?’ असें तीनदां विचारावयाचें आणि कोणीं हरकत घेतली नाहीं तरच व्यवहार पुरा व्हावयाचा. चढाओढीनें किंमत वाढली तर ती वाढ सरकारजमा. ही शेवटची अट वाचून आजच्या विक्रेत्याच्या अंगावर कांटा येईल! सगळीं गांवें या नियमानें चाललीं असें कोणी म्हणणार नाहीं. शास्त्र आणि व्यवहार यांत अंतर असावयाचेंच. तरी त्यामागची समजूत स्पष्ट आहे. घर विकाऊ आहे हें शेजाऱ्यांना ठाऊक, घरावरचें कर्ज सावकाराला ठाऊक, वांटणीचा तंटा भाऊबंदांना ठाऊक. हे सारे दारापुढें उभे असतां मधल्या माणसानें सांगावयाचें काय उरतें?

तारापूरच्या शेजारीं चिंचणी येथें १९५५ सालीं ताम्रपटांचे संच सांपडले. त्यांपैकीं एक राष्ट्रकूट राजा तिसरा इंद्र याच्या वेळचा, शके ८४८ चा, म्हणजे इसवी सन ९२६ चा आहे. संजाणच्या मंडलावर त्या वेळीं राष्ट्रकूटांच्या वतीनें मधुमति या नांवाचा ताजिक, म्हणजे अरब, अधिकारी होता. मधुमति हें मुहंमद या नांवाचें संस्कृत रूप. एका मठिकेला जमीन दिल्याची ही सनद आहे. दान असो वा विक्री, परक्या माणसाच्या हातांत जमीन गेली कीं तिचा लेख करून ठेवण्याची निकड या किनाऱ्यावर हजार वर्षांपूर्वींच भासूं लागली होती, कारण या किनाऱ्याला परका माणूस कधींच नवा नव्हता. पुढें पोर्तुगीज आले, १७३९ सालीं चिमाजी आप्पांच्या मोहिमेंत तारापूर मराठ्यांकडे आलें आणि देशावरची कागदपत्रांची रीत येथेंही रुजली. मराठी खरेदीखतांत चतुःसीमा येते, भाऊबंदांची संमति येते, साक्षी येतात. लिहितां न येणारा कुणबी आपल्या नांवापुढें नांगर काढतो. विकत घेणाऱ्याचें खरें संरक्षण कागदावर नसून त्या साक्षीदारांत होतें. उद्यां तंटा झाला तर गोतापुढें उभें राहून बोलावयाचें तें त्यांनींच.

दलाल हा शब्द अरबी आहे. वाट दाखविणारा, असा त्याचा मूळ अर्थ. तो आला व्यापाराबरोबर आणि पुष्कळ काळ तेथेंच राहिला. सुरतेच्या बाजारांत कापूस, कापड, नीळ, जवाहीर यांचे सौदे दलालाखेरीज होत नसत. इंग्रज कंपनीलाही भीमजी पारेखासारखे दलाल ठेवावे लागले. फडक्याखालीं हात घेऊन बोटांच्या खुणांनीं भाव ठरविण्याची या लोकांची कसब पाहून युरोपीय प्रवाशांनीं आश्चर्यानें लिहून ठेविलें आहे. माल परक्याचा, गिऱ्हाईक परकें, भाषा दोन. अशा ठिकाणीं मधला माणूस लागतोच. घरांच्या व्यवहारांत तो शिरला तो घर घेणारा आणि विकणारा एकमेकांस परके झाले तेव्हां, आणि तसें प्रथम झालें मुंबईसारख्या शहरांत.

इंग्रजी अमलांत शेजाऱ्याचीं कामें एकेक करून वांटलीं गेलीं. सीमा सांगण्याचें काम मोजणीकडे गेलें. १८३६ सालीं इंदापूर तालुक्यांत गोल्डस्मिड व विंगेट यांनीं सुरू केलेली पाहणी पुढें सगळ्या इलाख्यांत पसरली. साक्षीचें काम दस्तनोंदणीच्या कचेरीनें उचललें. मालमत्ता-हस्तांतरणाच्या १८८२ च्या कायद्यानें शंभर रुपये व त्याहून अधिक किंमतीच्या स्थावराची विक्री नोंदलेल्या दस्तावांचून होणार नाहीं असें ठरविलें, आणि नुसत्या विक्रीच्या कराराने मालकीचा कांहींही अंश घेणाऱ्याकडे जात नाहीं हेंही सांगितलें. साठेखत हातीं आलें म्हणजे घर आपलें झालें असें मानणारीं सुशिक्षित माणसें आजही भेटतात. त्यांनीं हें वाक्य पुन्हां वाचावें. राहिलें एक काम: विकाऊ घर आणि घेणारा यांची गांठ घालून देण्याचें. तें कोणत्याही कचेरीनें घेतलें नाहीं आणि तें दलालाकडे गेलें.

हा दलाल कोणाचा माणूस? १८७२ च्या कराराच्या कायद्यांत मुखत्याराचें प्रकरण आहे. मालकास न कळवितां मुखत्यारानें त्याच व्यवहारांत स्वतःचा सौदा केला, तर त्यांतील फायदा मालकाला मागतां येतो, असें तो कायदा म्हणतो. तत्त्व चोख आहे. परंतु घरांच्या धंद्यांत रूढि पडली ती दोन्ही बाजूंकडून शेंकडा एक-दोन घेण्याची. घेणाऱ्याला किंमत उतरावयास हवी, विकणाऱ्याला चढावयास हवी, आणि दलालाला व्यवहार आजच व्हावयास हवा. त्यांत लबाडी असलीच पाहिजे असें नव्हे. पुष्कळ दलाल आपल्या वस्तीची नड जाणणारे, शब्दाचे पक्के असतात आणि नवख्या कुटुंबाला शाळेपासून पाण्याच्या टाकीपर्यंत सगळें दाखवितात. परंतु घाई ही त्याच्या मिळकतीचाच एक भाग आहे, हें बयाणा देणाऱ्यानें विसरूं नये. अमेरिकेंत या धंद्याच्या लोकांनीं १९०८ सालीं शिकागो येथें आपला राष्ट्रीय संघ स्थापून वर्तनाचे नियम करण्यास आरंभ केला. आपल्याकडे सरकारी नियम यावयास आणखी एक शतक लोटलें.

त्याचें एक कारण असें कीं मुंबईच्या मध्यम वर्गाला फार दिवस घर विकत घेणें ठाऊकच नव्हतें. चाळींतील खोली भाड्याची, आणि पुढें पुढें पागडीची. गांवदेवीस सारस्वत मंडळींनीं १९१५ सालीं सहकारी गृहसंस्था काढली, तेव्हां मालकीच्या घराची एक नवी वाट दिसली. मजल्यावरचा एक गाळा तेवढा विकत घ्यावा ही कल्पना स्वातंत्र्यानंतर फोफावली आणि तिच्याबरोबर फसवणूकही. १९६३ सालीं महाराष्ट्रानें मालकीच्या सदनिकांचा कायदा केला तो या गैरप्रकारांमुळेंच. त्यांत बांधणाऱ्यावर बंधनें आलीं. दलाल मोकळाच राहिला.

याच सुमारास बोईसरचें नशीब पालटत होतें. १९६२ सालीं राज्याचें औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झालें आणि कालांतरानें त्यानें तारापूरची वसाहत वसविली. १९६९ सालीं अक्करपट्टीजवळचें अणुवीजकेंद्र वीज देऊं लागलें. २०१३ सालीं लोकल गाड्या डहाणूपर्यंत गेल्या, २०१४ च्या १ ऑगस्टला पालघर हा स्वतंत्र जिल्हा झाला. प्रत्येक पायरीगणिक घर शोधणारे वाढले आणि जमीन विकणाऱ्यांवरचा रेटाही वाढला. कारखान्यांचें सांडपाणी नळानें नवापूरच्याच समुद्रांत सोडलें जातें, आणि मासळी घटल्याचें गाऱ्हाणें तेथील मच्छीमार वर्षानुवर्षें मांडीत आले आहेत. धंदा उतरला कीं जमीन विकण्याचा मोह वाढतो, हें दलालाच्या आधीं कोणी ओळखीत नाहीं.

या जमिनीला मागचा इतिहास आहे, आणि तो घर घेणाऱ्याच्या दारापर्यंत येतो. वारली व इतर आदिवासी यांच्या जमिनी सावकारी कागदांवरील अंगठ्यांनीं कशा गेल्या, हें १९४५ च्या वारल्यांच्या उठावानें जगापुढें आलें. गोदावरी परुळेकर यांनीं त्या दिवसांची हकीकत ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकांत लिहिली आहे. तेथेंही एक मधला माणूस होता: ज्याला कागद वाचतां येतो तो. म्हणून १९४८ च्या कूळकायद्यानें शेतजमीन बिनशेतकऱ्याला विकण्यास मनाई केली, आणि १९७४ च्या दुरुस्तीनें जमीनमहसूल संहितेंत कलम ३६अ आलें. आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीकडे परवानगीवांचून जाऊं नये, असा त्याचा आशय. समुद्रालगतच्या बांधकामास १९९१ पासून किनारा-नियमनाची आडकाठी आहे. चार वर्षांपूर्वीं बांधलेल्या इमारतीचा रंग पाहून यांतलें कांहींच कळत नाहीं. सातबारा, जुने फेरफार, बिनशेतीचा हुकूम आणि भोगवट्याचा दाखला पाहिला तर कळतें. दलालानें ‘कागद साफ आहेत’ म्हणून सांगणें हा शोध नव्हे.

२०१६ च्या स्थावर संपदा कायद्यानें अखेर दलालाला नोंदणीच्या कक्षेंत आणलें. नोंदलेल्या प्रकल्पांतील घर विकून देणारा दलाल स्वतः नोंदलेला पाहिजे. खोटी माहिती त्यानें देऊं नये. बिननोंदीनें धंदा केल्यास दररोज दहा हजार रुपये दंड. २०२३ पासून महाराष्ट्रांत त्याला शिक्षण घेऊन परीक्षाही द्यावी लागते. बांधणाऱ्यानें करार नोंदल्याशिवाय किंमतीच्या दहा टक्क्यांहून अधिक घ्यावयाचें नाहीं. परंतु ५०० चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडावरील किंवा आठ गाळ्यांपर्यंतच्या इमारतींना नोंदणीची सक्ति नाहीं, आणि जुन्या घराची फेरविक्री किंवा गांवठाणांतील कौलारू घर यांचा दलाल या कायद्याच्या बाहेरच राहतो. नवापूरच्या बाजूस असे व्यवहार थोडे नसावयाचे.

आजही दस्त नोंदण्यापूर्वीं सावध वकील वर्तमानपत्रांत जाहीर नोटीस देतो: अमुक मालमत्ता आमचे पक्षकार घेत आहेत, कोणाचा हक्क असल्यास इतक्या दिवसांत कळवावें. जमिनीचा दस्त झाल्यावर तलाठी फेरफाराची नोटीस चावडीवर लावतो व संबंधितांना कळवितो; हरकत आली तर तिची चौकशी होते, न आली तर नोंद मंजूर होते. ‘कोण घेतो?’ हें तीनदां विचारणें गेलें, ‘कोणाची हरकत आहे काय?’ हें राहिलें. मुंबईस गेलेली बहीण, अंगठा देऊन फसलेला चुलता, नांव न लागलेलें कूळ, यांची हरकत कधीं कधीं याच नोटिशीला येते. आणि कर्ज मंजूर होऊन बसलेला खरेदीदार दलालाला विचारूं लागतो कीं हा गृहस्थ कोण. दलालाला तें ठाऊक नसतें. नवापुरांतल्या एखाद्या म्हाताऱ्याला ठाऊक असतें, परंतु त्याला कोणी विचारलेलें नसतें.