पुलावरील 'आघात' : एका संज्ञेचा इतिहास

रस्त्यावरील पुलाचे गणित मांडताना अभियंता प्रथम वाहन उभे आहे असे मानून त्याचे वजन धरतो, आणि ते धावत असल्याबद्दल त्यात काही टक्के भर घालतो. या भरीस इंग्रजीत 'इम्पॅक्ट' व मराठीत सामान्यतः 'आघात' म्हणतात. भाषाशास्त्राच्या अभ्यासकास 'आघात' म्हटले की अक्षरावरील जोर आठवतो. पण पुलावर नेमका कोण आघात करतो? हा प्रश्न वाटतो तितका शाब्दिक नाही.

24 मे 1847 रोजी चेस्टरजवळ डी नदीवरील बिडाच्या तुळयांचा रेल्वेपूल गाडीखाली मोडला. त्यानंतर नेमलेल्या आयोगासाठी झालेल्या प्रयोगांत असे आढळले की, सडपातळ लोखंडी पट्टीवरून भार वेगाने नेला असता ती, तोच भार स्थिर असतानाच्या दुपटीहूनही अधिक वाकू शकते. प्रत्यक्ष पुलांवर ही वाढ बरीच अल्प भरली. रॉबर्ट विलिस यांनी मांडलेले समीकरण 1849 मध्ये स्टोक्स यांनी सोडविले. या सर्व विवेचनात ठोका असा कोठेच नाही. आहे ते केवळ सरकत्या भाराखाली होणारे तुळईचे चलन.

खरा ठोका वाफेच्या इंजिनाने दिला. त्याच्या चालक चाकांवरील समतोल-वजने प्रत्येक फेऱ्यागणिक रुळावर एकदा अधिक दाब देत. ब्रिटनमधील समितीने 1928 च्या अहवालात याचाच सविस्तर विचार केला. तेथे 'आघात' हा शब्द सार्थच होता.

मालमोटारीस असली वजने नसतात. तरीही शब्द टिकला. इंडियन रोड्स काँग्रेसच्या संहितेत, 'अ' आणि 'ब' वर्गाच्या भारासाठी, 3 ते 45 मीटर गाळ्याच्या काँक्रीट पुलांवर आघाताचा अपूर्णांक काढण्याची रीत अशी : मीटरमधील गाळ्यात 6 मिळवावेत व त्या बेरजेने 4.5 ला भागावे. म्हणजे 12 मीटरच्या गाळ्यास 25 टक्के, 39 मीटरच्या गाळ्यास 10 टक्के. हिशेब सुटसुटीत आहे खरा. परंतु त्यात रस्त्याचा पृष्ठभाग कोठेच येत नाही. वस्तुतः मालमोटार आपल्या कमानींवर दर सेकंदास काही वेळा वरखाली होते, आणि मध्यम गाळ्याच्या पुलाची स्वाभाविक कंपनसंख्याही पुष्कळदा त्याच्याच आसपास असते. खड्डा वा उंचवटा हे आंदोलन सुरू करून देतो. उलटपक्षी, वाहन जितके जड, तितके या वाढीचे शेकडा प्रमाण सामान्यतः कमी. आणि अनेक जड वाहने एकाच वेळी पुलावर असली तर त्यांचे हेलकावे क्वचितच एका तालात पडतात. तेव्हा जड रहदारीच्या जुन्या पुलाची क्षमता ठरविताना, डांबरी थर नीट राखला आहे की नाही हे पाहणे सूत्रातील गाळ्याच्या लांबीइतकेच महत्त्वाचे ठरावे, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

कॅनडातील ऑन्टारिओ प्रांताने 1983 च्या संहितेत ही वाढ पुलाच्या कंपनसंख्येवरून ठरविली, आणि 1991 मध्ये ती रीत सोडून वाहनाच्या आसांची संख्या प्रमाण मानली. अमेरिकेच्या 1994 च्या नव्या संहितेने तर 'इम्पॅक्ट' या मथळ्याऐवजी 'गतिज भार-वाढ' अशा अर्थाची संज्ञा घेतली व मालमोटारीसाठी सर्वसाधारणतः 33 टक्के वाढ सांगितली. मात्र पुलाच्या पृष्ठावरील सांध्यांसाठी तिने 75 टक्के राखले. चाक जेथे खरोखरच आदळते, ती जागा हीच.