भोपळ्याची कुकी

अमेरिकेच्या न्यू इंग्लंड भागात पानगळीचे दिवस आले, की गृहिणी शिजवलेल्या तांबड्या भोपळ्याचा गर मैदा, लोणी, साखर आणि अंडी यांत कालवतात, त्यात दालचिनी, सुंठ, लवंग व जायफळ यांची पूड आणि चॉकलेटचे तुकडे घालतात, व त्या सैलसर पिठाचे गोळे पत्र्यावर सोडून भट्टीत भाजतात. या एका जिनसात किती मुलखांचे आणि किती हातांचे संचित एकत्र आले आहे, याचा विचार करू लागले म्हणजे मन विस्मित होते.

भोपळा हा त्यातला ज्येष्ठ. मेक्सिकोच्या वाहाका प्रांतातील एका गुहेत सुमारे १०,००० वर्षांपूर्वीच्या भोपळ्याच्या बिया सापडल्या; म्हणजे मक्याच्याही आधी तेथील माणसाने हा वेल आपलासा केला होता. 'कुकी' हा शब्द डचांचा, लहानग्या केकसाठी ते योजीत असलेल्या नावावरून आलेला. आणि जायफळही त्यांच्याच जहाजांतून आले. त्या जायफळासाठी १६२१ मध्ये डच कंपनीने बांदा बेटांतील रयतेची निर्घृण कत्तल केली, हे स्वयंपाकाच्या इतिहासातून वगळणे मला अप्रामाणिकपणाचे वाटते. पुढे १६६७ च्या ब्रेडाच्या तहात बांदांपैकी रून हे चिमुकले बेट डचांकडे राहिले आणि आजचे न्यूयॉर्क इंग्रजांकडे.

१७९६ साली कनेक्टिकटमधील हार्टफर्ड येथे अमेलिया सिमन्स हिने एक पाकपुस्तक छापविले. मुखपृष्ठावर स्वतःचा परिचय तिने 'एक अमेरिकन अनाथ' एवढाच दिला आहे. त्या छोट्या ग्रंथात भोपळ्याचे गोड पदार्थ आहेत, कुकी आहे, आणि पीठ फुगविण्यासाठी लाकडाच्या राखेपासून काढलेला शुद्ध क्षारही आहे. त्या क्षाराचे महत्त्व असे, की अमेरिकन सरकारने १७९० साली दिलेली पहिली पेटंटची सनद तो बनविण्याच्या कृतीसाठीच होती. खमिराची रात्रभर वाट पाहण्याचे कष्ट त्याने वाचविले. आजचा सोडा त्याचाच वारस.

चॉकलेट मात्र अगदी अलीकडचे. मॅसॅच्युसेट्समधील व्हिटमन गावी खाणावळ चालविणाऱ्या रूथ वेकफील्ड यांनी १९३० नंतरच्या दशकात चॉकलेटचे तुकडे घातलेली कुकी सिद्ध केली. ती चुकून झाली, अशी कथा लोक आवडीने सांगतात. मला ती मान्य नाही. वेकफील्डबाई गृहशास्त्राचे रीतसर शिक्षण घेतलेल्या, पाककृतींचे पुस्तक लिहिणाऱ्या विदुषी होत्या, आणि त्यांच्या कसबाचे श्रेय योगायोगाच्या खाती जमा करणे हा अन्याय आहे.

भोपळ्यात नव्वद टक्क्यांच्या आसपास पाणीच असते. म्हणून ही कुकी कुरकुरीत होत नाही. केकसारखी लुसलुशीत राहते, आणि डब्यात झाकून ठेवली तर दुसऱ्या दिवशी अधिकच मऊ लागते. हे पाणी ओळखण्याची विद्या आपल्याकडेही आहे. अमेरिकेतूनच आलेल्या या फळाचे घारगे करताना भोपळ्याचा कीस गुळाबरोबर शिजवायचा, जायफळ किंवा वेलची घालायची, आणि कोमट झाल्यावर त्यात मावेल तेवढीच कणीक मळायची, वरून पाण्याचा थेंब नाही. कणीक किती मावेल, हे त्या दिवशीचा भोपळा ठरवितो. न्यू इंग्लंडमधील गृहिणीही गर फडक्यात बांधून निथळत ठेवते, आणि पुरेसा निथळला की नाही, हे बोटांनी दाबून पाहते.