कपडे बदलायची खोली

मागच्या भागाच्या शेवटी म्हटलं होतं, त्याप्रमाणे आज नर्सिंगच्या इतिहासाबद्दल बोलायचंय. (वाचणाऱ्यांसाठी: ऑडिओमधले माझे 'म्हणजे' आणि 'ॲक्चुअली' काढून टाकलेत, बाकी जवळपास तसंच ठेवलंय.)

विषय डोक्यात आला तो आत्यामुळे. माझी आत्या ३१ वर्षं एका जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयात सिस्टर होती. दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाली. निरोप समारंभाला आम्ही सगळे गेलो होतो. शाल, श्रीफळ, फुलांचा गुच्छ, आणि भाषणं. प्रत्येक भाषणात 'सेवा' होती, 'त्याग' होता, एका साहेबांनी तर तिला 'या रुग्णालयाची माउली' करून टाकलं. घरी आल्यावर बाबांनी सहज विचारलं, "काय गं ताई, एवढ्या वर्षांत काही मनात राहून गेलं का?" मला वाटलं, प्रमोशनचं काहीतरी सांगेल. ती म्हणाली, "कपडे बदलायला एक धड खोली मिळाली असती, तर बरं झालं असतं."

३१ वर्षं ती चादरींच्या कपाटामागे उभी राहून साडीचा युनिफॉर्म करत होती. एकीनं दार धरायचं, दुसरीनं बदलायचं.

मी काही इतिहासाचा अभ्यासक नाही, कोड लिहून पोट भरतो. पण हे वाक्य डोक्यातून जाईना. मग नर्सिंगच्या इतिहासात जिथे जिथे राहायची, बसायची, कपडे बदलायची जागा सापडते, तिथे तिथे थांबून वाचायला लागलो. आजचा भाग त्याच क्रमानं आहे.

सुरुवात लंडनपासून करावी लागते, इलाज नाही. क्रिमियन युद्धानंतर लोकांनी फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या नावानं वर्गणी काढली, ४४ हजार पौंडांच्या वर रक्कम जमली, आणि त्यातून १८६० साली सेंट थॉमस रुग्णालयात नर्सिंगची शाळा निघाली. पहिल्या तुकडीत मोजून १५ जणी. हातात दिवा घेतलेल्या बाईचं चित्र आपण सगळ्यांनी पाठ्यपुस्तकात पाहिलंय. मला जास्त महत्त्वाचं वाटलं ते हे, की या शाळेत शिकणाऱ्या मुलीला राहायला स्वतःची वेगळी खोली होती, खाणंपिणं फुकट होतं, वर थोडा पगार होता. तोवर इंग्लंडातही नर्स म्हणजे वॉर्डाच्याच एखाद्या कोपऱ्यात झोपणारी, कमी पगाराची, फारशी इज्जत नसलेली बाई. चांगल्या घरच्या मुली यायला हव्या असतील, तर आधी त्यांना दाराला कडी असलेली खोली द्या, हे नाइटिंगेलबाईंना कळलं होतं. पुढे 'होम सिस्टर' हे पदही आलं. या मुलींच्या वसतिगृहात राहून त्यांचा अभ्यास आणि एकूणच त्यांच्याकडे बघणारी वडीलधारी नर्स. आजच्या भाषेत मेंटॉर म्हणा.

पण ही शाळा म्हणजे काही स्वर्ग नव्हती, आणि ही गोष्ट आपल्याकडच्या जयंतीच्या भाषणांत कधी येत नाही. १८७० च्या दशकाच्या सुरुवातीला नाइटिंगेलबाईंना कळलं, की ज्या डॉक्टरांनी मुलींना शिकवायचं, ते व्याख्यानंच घेत नव्हते. मुली शिकण्यापेक्षा वॉर्डात राबण्याचं कामच जास्त करत होत्या. रुग्णालयाला स्वस्तात हात मिळत होते. शिवाय शिक्षण झाल्यावर काही वर्षं सांगतील तिथे नोकरी करायची, अशी अटही होती. 'ट्रेनी' म्हणून पूर्ण काम करून घ्यायचं आणि वर बाँड लिहून घ्यायचा, ही पद्धत आपल्या खाजगी हॉस्पिटलांनी शोधलेली नाही. ती या धंद्याइतकीच जुनी आहे.

आता आपल्याकडे येऊ. मुंबईत १८८६ साली कामा रुग्णालय सुरू झालं, बायकांसाठीचं, आणि तिथे एडिथ पेची या डॉक्टरबाईंनी नर्सेसचं प्रशिक्षण सुरू केलं. नर्सिंगच्या पाठ्यपुस्तकांत १८९१ सालच्या नोंदीत बाई काशीबाई गणपत हे नाव येतं, प्रशिक्षणाला आलेली पहिली भारतीय नर्स म्हणून. एवढीच एक ओळ. त्यांच्याबद्दल मी पाहिलेल्या कुठल्याच पुस्तकात दुसरी ओळ नव्हती.

अडचण काय होती, ते मराठी घरात वाढलेल्याला समजावून सांगायला नको. परक्या पुरुषाचं अंग पुसायचं, कुठल्याही जातीच्या माणसाची घाण काढायची, रात्री घराबाहेर राहायचं. कोण पाठवणार? आणि पाठवली, तरी ती राहणार कुठे?

इथे रमाबाई रानडे येतात. न्यायमूर्ती गेल्यावर त्या सार्वजनिक कामात उतरल्या, आणि १९०९ मध्ये पुण्यात सेवासदन उभं राहिलं. गोपाळ कृष्ण देवधर त्यांच्याबरोबर होते. सेवासदनचे शिवणकामाचे आणि शिक्षिकांचे वर्ग बहुतेकांना माहीत असतात. त्यांच्या नर्सिंगच्या कामाबद्दल मात्र मला आधी काहीच माहीत नव्हतं. ससून रुग्णालयात शिकणाऱ्या बायकांसाठी सेवासदननं वसतिगृह चालवलं. त्यात तरुण विधवा होत्या. घरात एका वेळच्या जेवणावर आणि टोमण्यांवर दिवस काढणारी बाई ससूनच्या वॉर्डात जाऊ शकली, कारण संध्याकाळी परतायला एक जागा होती आणि त्या जागेला रमाबाईंचं नाव होतं. 'मुलगी कुठे राहते?' या प्रश्नाला घरच्यांना सांगता येईल असं उत्तर मिळालं. नुसतं 'रुग्णसेवा हाच धर्म' असं व्याख्यान देऊन हे झालं नसतं, असं माझं स्पष्ट मत आहे.

पुढचा टप्पा १९४३ चा. देशाच्या आरोग्याचा आढावा घ्यायला सरकारनं समिती नेमली, अध्यक्ष सर जोसेफ भोर. हे आपले नाशिकचे, पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकलेले. १९४६ च्या त्यांच्या अहवालात एक आकडा आहे: सगळ्या देशात सुमारे ७,००० नर्सेस, म्हणजे साधारण ४३,००० लोकांमागे एक. डॉक्टर ६,३०० लोकांमागे एक. डॉक्टर कमी होतेच, पण नर्सेस जवळपास नव्हत्याच. आणि त्या का नाहीत, तर त्यांची राहण्याची आणि कामाची परिस्थिती वाईट आहे, हेही समितीनं लिहून ठेवलं.

त्यानंतर १९५४ मध्ये खास नर्सेसच्या नोकरीच्या अटींवर शेट्टी समिती. १९८७ मध्ये सरोजिनी वरदप्पन यांची उच्चाधिकार समिती, तिनंही कामाचे तास आणि रुग्णालयाजवळ राहण्याची सोय यांवर शिफारशी केल्या. समित्या झाल्याच नाहीत, असं कोणी म्हणू शकत नाही. आमच्याकडे एखादा बग वर्षानुवर्षं 'ओपन' राहतो, दर सहा महिन्यांनी कोणीतरी त्याखाली 'अजून येतोय' असं लिहितं, तसे हे अहवाल मला वाटले.

आता परळ. इथे जरा थांबूया. ज्यांना हिंसेबद्दल ऐकणं जड जातं, त्यांनी पुढचे दोन परिच्छेद सोडले तरी चालेल.

अरुणा शानबाग कर्नाटकातल्या हळदीपूरच्या. केईएममध्ये ज्युनियर नर्स. वय पंचविशीचं, लग्न ठरलेलं, होणारा नवरा तिथलाच डॉक्टर. त्यांची ड्युटी कुत्र्यांवर शस्त्रक्रियेचे प्रयोग व्हायचे, त्या प्रयोगशाळेत होती. २७ नोव्हेंबर १९७३ ला संध्याकाळी ड्युटी संपवून त्या कपडे बदलायला तळघरात गेल्या. तळघरात. रुग्णालयातल्याच एका सफाई कामगारानं त्यांच्या गळ्याभोवती कुत्र्याची साखळी आवळली आणि त्यांच्यावर अत्याचार केला. मेंदूचा रक्तपुरवठा तुटला. त्या सापडल्या दुसऱ्या दिवशी सकाळी. हल्लेखोराला हल्ला आणि चोरीसाठी सात वर्षांची शिक्षा झाली. बलात्काराचा आरोप ठेवलाच गेला नाही.

हे प्रकरण आपल्याला आठवतं ते दयामरणाच्या खटल्यामुळे. कॉलेजात असताना मीही वादविवाद स्पर्धेत त्यावर तावातावानं बोललो होतो. पण 'त्या तळघरात का गेल्या?' हा प्रश्न तेव्हा ना मी विचारला, ना परीक्षकांनी. हल्ल्यानंतर मुंबईतल्या नर्सेस संपावर गेल्या. अरुणांची नीट काळजी घ्या, आणि आम्हाला काम करायला सुरक्षित परिस्थिती द्या, या त्यांच्या मागण्या होत्या. सहकारीण वॉर्डात निपचित पडलेली असताना या बायका सुरक्षितता मागत होत्या, आणि त्यासाठी त्यांना काम बंद ठेवावं लागलं.

पुढची गोष्ट जास्त माहीत आहे, पण तिच्याकडेही वेगळ्या बाजूनं बघता येतं. अरुणा केईएमच्या वॉर्ड नंबर चारला लागून असलेल्या खोलीत राहिल्या, ४१ वर्षांहून जास्त. १९८० च्या दशकात महापालिकेनं त्यांना दुसरीकडे हलवायचा प्रयत्न केला, खाट मोकळी व्हावी म्हणून. नर्सेसनी विरोध केला आणि तो बेत बारगळला. १९७३ च्या नर्सेस हळूहळू निवृत्त झाल्या, नव्या आल्या, आणि ज्यांनी अरुणांना चालताबोलताना कधी पाहिलंच नव्हतं, त्यांनीही त्यांना भरवलं, पुसलं, कुशीवर वळवलं. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयात खटल्याचा निकाल लागला, तेव्हा इतक्या वर्षांत त्यांना एकही बेडसोर झालेला नाही, अशी नोंद झाली. ज्यांच्या घरात कोणी सहा महिने अंथरुणाला खिळलंय, त्यांना विचारा याचा अर्थ काय. दर दोन तासांनी कूस बदलायची, चादरीला सुरकुती राहू द्यायची नाही, पाठ कोरडी ठेवायची. रोज, तीनही पाळ्यांत. हे पुस्तकातून येत नाही, आधीची सिस्टर नंतरच्या सिस्टरला उभी राहून दाखवते.

७ मार्च २०११ च्या निकालात पत्रकार पिंकी विराणी यांची याचिका फेटाळली गेली. अरुणांच्या वतीनं बोलण्याचा हक्क केईएमच्या कर्मचाऱ्यांचा आहे, असं न्यायालयानं म्हटलं आणि नर्सेसचं कौतुक केलं. निकाल बरोबर की चूक, त्यात मी आज पडत नाही. १८ मे २०१५ ला न्यूमोनियानं अरुणा गेल्या. तेव्हा सगळ्या वर्तमानपत्रांत 'सेवा' हा शब्द होता. तो खराच होता. फक्त 'खोली' हा शब्द कुठे नव्हता.

पगाराचं थोडक्यात सांगतो. खाजगी रुग्णालयांतल्या नर्सेसच्या प्रश्नावर ट्रेन्ड नर्सेस असोसिएशन न्यायालयात गेली. जानेवारी २०१६ मध्ये आदेश आला, मग केंद्राची समिती आली. शिफारस अशी, की २०० पेक्षा जास्त खाटांच्या खाजगी रुग्णालयात पगार सरकारी नर्सइतका असावा, आणि अगदी लहान, ५० खाटांच्या आतल्या रुग्णालयातही २०,००० रुपयांच्या खाली नसावा. अंमलबजावणी राज्यांवर सोडली. ओळखीतल्या एखाद्या नर्सिंग होममधल्या सिस्टरना पगार विचारून बघा, त्या शिफारशीचं काय झालं ते कळेल.

आणि हातांची संख्या. इंडियन नर्सिंग कौन्सिलचं प्रमाण शिक्षण देणाऱ्या रुग्णालयात तीन रुग्णांमागे एक नर्स, साध्या रुग्णालयात पाचामागे एक. आत्याला हे वाचून दाखवलं, तर ती हसायला लागली. तिच्या वॉर्डात रात्रपाळीला ती एक आणि पेशंट चाळीस. सोबतीला एक मावशी आणि एक मामा. (आयाबाईंना मावशी आणि वॉर्डबॉयला मामा म्हणतात, नात्यातले नव्हेत.) "पाचामागे एक म्हणजे पेशंटशी बोलायला पण वेळ मिळेल की रे," ती म्हणाली.

मी नोकरीला लागलो, तेव्हा कंपनीनं मला एक 'बडी' दिला होता. तीन महिने माझं कोड त्याच्या नजरेखालून गेल्याशिवाय कुठेही जात नव्हतं. माझ्या चुकीनं फार तर एखादं पान उघडलं नसतं. आत्याला तिच्या पहिल्या रात्री ओव्हर देणारी सिस्टर घाईत होती, तिची बस होती. पाच मिनिटांत सगळा वॉर्ड सांगून ती गेली. पहाटे तीनला एका पेशंटचा श्वास लागला, तेव्हा आत्याला ऑक्सिजन सिलिंडरची किल्ली कुठे ठेवतात, हेच माहीत नव्हतं. मामांनी धावत जाऊन आणून दिली. पेशंट वाचला. त्यानंतर वॉर्डात नवीन कोणी रुजू झाली, की आत्या तिच्या पहिल्या रात्रपाळीला आपली ड्युटी संपल्यावरही दोन तास थांबायची. कोणी सांगितलं नव्हतं, त्याचे पैसेही नव्हते. माझ्या आतेभावाला आठवतं, त्या रात्री जेवण त्यालाच वाढून घ्यावं लागायचं.

हा भाग रेकॉर्ड करायच्या आधी तिच्याकडे गेलो होतो. रात्री साडेअकराला तिचा फोन वाजला. पलीकडे कोणी तरुण मुलगी होती, आवाज घाबरलेला. आत्यानं विचारलं, "सलाइन बंद केलंस का आधी? बरं. आता बीपी घे आणि मला सांग, मी थांबते." मग फोन कानाला धरूनच स्वयंपाकघरातला दिवा लावला आणि स्टुलावर बसून राहिली.