लग्नगड्याचें ऋण व त्याचें घर

जुन्या संग्रहांतील कर्जरोखे वाचतांना धनको, ऋणको, मुद्दल, व्याज व साक्षी यांकडे संशोधकांचें लक्ष जातें. ऋणको कोठें राहत होता व ती भूमि कोणाची, हा प्रश्न बहुधा मागें पडतो. ठाणें जिल्ह्यांतील (ज्याचा बराच भाग २०१४ पासून पालघर जिल्ह्यांत मोडतो) वारली लोकांच्या वेठीचा इतिहास समजण्यास तोच प्रश्न मुख्य आहे, असें आमचें मत आहे.

वारली तरुण लग्नासाठीं सावकाराकडून रक्कम घेई व ती फिटेपर्यंत त्याच्याकडे राबे; अशा गड्यास 'लग्नगडी' म्हणत. त्याच्या बायकोसही त्या कामीं जुंपीत. सिमिंग्टनसाहेबांच्या १९३९ सालच्या सरकारी अहवालांत ही रीत नमूद आहे. सावकार व जमीनदार बहुधा एकच असल्यानें कर्ज, काम व झोपडीची जागा हीं तिन्ही एकाच मुठींत असत. १९४५ सालीं शामराव व गोदावरी परुळेकर यांच्या नेतृत्वाखालीं वारल्यांनीं या वेठीविरुद्ध उठाव केला. परंतु ऋण नाकारल्यानें पायांखालची जमीन आपली होत नाहीं.

१९७६ च्या वेठबिगारी-निर्मूलन कायद्यांत हें मर्म ओळखलेलें दिसतें. त्याच्या ६ व्या कलमानें वेठीचें ऋण नष्ट झालें. ८ व्या कलमानें, वेठीच्या मोबदल्यांत मिळालेल्या घरांतून मुक्त मनुष्यास हुसकावण्यास बंदी झाली. व १५ व्या कलमानें, ऋण वेठीचें नव्हे हें सिद्ध करण्याचा भार धनकोवर पडला. तथापि राहूं देणें निराळें व हक्क निराळा. वनभूमीपुरतें तें उणें २००६ च्या वनहक्क कायद्यानें भरून काढण्याचा यत्न केला. १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून ताबा असलेल्या आदिवासी कुटुंबास ४ हेक्टरांपर्यंत हक्क मिळतो. विवाहितांस तो पतिपत्नींच्या संयुक्त नांवें. पुरावा म्हणून २००८ च्या नियमांनीं वृद्धांची जबानी, घर, विहीर, दफनभूमि हींही ग्राह्य मानिलीं.

कित्येक म्हणतील, कागदावांचून प्रमाण कसलें? यास उत्तर आपल्या शास्त्रांतच आहे. अनुपलब्धीवरून अभाव सिद्ध होण्यास, ती वस्तु असती तर दिसलीच असती, अशी योग्यता लागते. सावकाराच्या वहींत लग्नगड्याची झोपडी नोंदण्याचें कारणच नव्हतें. मग वहीच्या मौनावरून झोपडी नव्हती असें अनुमान कसें निघेल?

यास्तव संग्राहकांस आमची विनंती अशी कीं, या भागांतील लग्नकर्जाचे रोखे क्षुल्लक म्हणून टाकूं नयेत. त्यांत आलेलीं पाड्यांचीं नांवें तिथीसह टिपून ठेवावीं. ज्या रोख्यानें आजा बांधला गेला, तोच कदाचित् नातवाच्या घराची साक्ष देईल.