अक्षय्य समुद्राची कल्पना

समुद्र म्हटला की आमच्या मनात प्रथम त्याचे अथांगपण उभे राहते. ज्याचा ठाव लागत नाही त्यातील शिल्लक कशी संपेल, असा भाबडा विश्वास त्यामागे असतो. तो केवळ अडाण्यांचा होता असे मात्र कोणी समजू नये. १८८३ साली लंडनच्या मत्स्यप्रदर्शनात टॉमस हक्सले यांच्यासारख्या शास्त्रज्ञाने कॉड, हेरिंग इत्यादी समुद्रमाशांचे साठे बहुधा अक्षय्य आहेत असे मत मांडले. त्या काळच्या मासेमारीच्या रीती गृहीत धरून ते बोलत होते; पण ही पुस्ती लोक विसरले आणि 'अक्षय्य' एवढेच लक्षात राहिले. रे लँकेस्टर यांनी त्याच प्रदर्शनात उलट मत दिले होते, त्याची आठवण फारशी कोणी ठेवली नाही.

या मताची खरी परीक्षा झाली ती कॅनडाच्या न्यूफाउंडलंड बेटाजवळ. १४९७ साली कॅबटच्या खलाशांनी तेथे टोपल्या बुडवून मासे काढता येतात अशी बातमी आणली, आणि पुढे साडेचारशे वर्षे युरोप तेथला खारवलेला कॉड खात राहिला. १९५४ साली 'फेअरट्राय' हे ब्रिटिश जहाज निघाले. मासे पकडणे, कापणे, गोठवणे सारे एकाच जहाजावर! मग अनेक देशांची अशी जहाजे तेथे जमली. १९६८ साली त्या एका साठ्यातून सुमारे ८ लाख टन कॉड निघाला. १९७७ साली कॅनडाने २०० सागरी मैलांची हद्द जाहीर करून परक्यांना बाहेर काढले. आता आपला समुद्र, आपले शास्त्रज्ञ आणि आपला हिशेब, असे सर्वांना वाटले.

आणि हिशेबातच मेख होती. साठा मोजण्यासाठी शास्त्रज्ञांची स्वतःची पाहणी असे. पण ट्रॉलर तासाला किती मासे काढतो, यावरही मोठी भिस्त होती. कॉड कमी झाला की उरलेले मासे थव्याने एकत्र येतात. यंत्राने थवा हुडकणाऱ्या ट्रॉलरची जाळी त्यामुळे पूर्वीसारखीच भरत होती. किनाऱ्याजवळच्या गरीब मच्छीमारांचे तसे नव्हते. ते एका जागी सापळा लावून माशाची वाट पाहत. आपल्याकडचा कोळी डोल लावतो आणि भरती-ओहोटीबरोबर जे येईल ते घेतो, त्यातलाच हा प्रकार. मासा आला नाही तर त्याला ते कळणारच! मासे कमी येतात, लहान येतात, असे हे लोक १९८० नंतर सतत सांगत होते. १९८६ साली त्यांच्या संघटनेने जीवशास्त्रज्ञांकडून सरकारी अंदाजांची तपासणी करवून घेतली; अंदाज फुगलेले असल्याचा निष्कर्ष निघाला. आमच्या मते या प्रकरणात सर्वांत चांगले शास्त्र त्या सापळ्यांतच होते, फक्त त्याला तक्ते नव्हते.

पुढे सरकारी शास्त्रज्ञांनाही चूक उमगली. १९८९ साठी त्यांनी १ लाख २५ हजार टनांची मर्यादा सुचविली. मंत्र्यांनी २ लाख ३५ हजार ठरविली. मंत्र्यांना दुष्ट ठरविणे सोपे आहे. पण कारखान्यांतील हजारो मजुरांच्या चुली त्यांच्या डोळ्यांसमोर होत्या. तीन वर्षांनी त्याच चुली विझल्या. २ जुलै १९९२ रोजी जॉन क्रॉस्बी या मंत्र्यांनी कॉडची मासेमारी बंद केली आणि सुमारे ३० हजार लोकांचा रोजगार गेला. बंदी दोन वर्षांची म्हणून सांगितली होती.

कॉड परतला नाही. त्याच्या जागी कोळंबी आणि खेकडे वाढले, त्यांना भावही चांगला आला. मात्र तो पैसा बहुतेक नव्या होड्यांकडे गेला आणि कित्येक जुनी गावे ओस पडली. कॉड का परतेना, यावर शास्त्रज्ञांत वाद झाले. कोणी थंड पाण्याला दोष दिला, तर कोणी कॉडचे खाद्य असलेल्या केपलिन माशाच्या दुष्काळाला. निव्वळ एक मासा मोजून भागत नाही, त्याचे भक्ष्य आणि भक्षकही मोजावे लागतात, ही दृष्टी त्या वादातून बळावली.

बंदी उठली ती जून २०२४ मध्ये, बत्तीस वर्षांनी. मर्यादा १८ हजार टन. त्याआधी २०२३ साली शास्त्रज्ञांनी १९५४ पासूनची जुनी माहिती हिशेबात घेतली, आणि साठा 'संकट' या वर्गातून 'सावधगिरी' या वर्गात आला. समुद्रात एकाएकी मासे वाढले म्हणून नव्हे, तर मोजण्याची पट्टी नवी झाली म्हणून.