हप्ता चुकल्यानंतरची गोष्ट

नव्या घराचे पेढे वाटून होतात, वास्तुशांत होते आणि मग दर महिन्याला ठरलेल्या तारखेला हप्ता कापल्याचा मेसेज येऊ लागतो. पुढची वीस वर्षं. या काळात नोकरी गेली तर? जवळपास ९० वर्षांपूर्वी अमेरिकेत हा प्रश्न लाखो घरांत एकाच वेळी उभा राहिला होता.

१९२०च्या दशकात तिथे अनेक कुटुंबांनी पहिल्यांदाच स्वतःचं घर घेतलं. पण तेव्हाचं कर्ज आजच्यासारखं नव्हतं. बँक बहुधा घराच्या निम्म्या किमतीएवढंच कर्ज द्यायची, तेही तीन ते पाच वर्षांसाठी. तोवर बरेच जण फक्त व्याज भरायचे. मुदत संपली की सगळं मुद्दल एकदम देणं. एवढी रक्कम कोणाकडे असणार? त्यामुळे दर वेळी कर्जाचं नूतनीकरण व्हायचं आणि ते होणारच, असं सगळे धरून चालायचे.

१९२९नंतर महामंदी आली. बँका बुडू लागल्या, तगलेल्या बँकांनाही रोख हवी होती. नूतनीकरण थांबलं. ज्यांनी एकदाही व्याज चुकवलं नव्हतं, त्यांचीही घरं लिलावात निघाली. १९३३मध्ये दर चार कामगारांमागे एक बेकार होता आणि दिवसाला सुमारे १,००० घरांवर जप्ती येत होती.

त्या वर्षी जूनमध्ये रूझवेल्ट सरकारने ‘होम ओनर्स लोन कॉर्पोरेशन’ स्थापन केलं. महामंडळ बँकेला सरकारी रोखे द्यायचं आणि घरमालकाचं कर्ज स्वतःकडे घ्यायचं. मग मालकाला नवं कर्ज मिळायचं: १५ वर्षं मुदत, ५ टक्के व्याज आणि दरमहा ठरलेला हप्ता, ज्यात व्याजासोबत थोडं मुद्दलही फिटत जाई. थकलेला घरपट्टीसारखा कर आणि गरजेची दुरुस्तीसुद्धा त्याच कर्जात बसवता यायची. सुमारे १९ लाख अर्ज आले. तीन वर्षांत जवळपास १० लाख कर्जं दिली गेली, एकूण सुमारे ३०० कोटी डॉलरची.

पण मंदी संपली नव्हती. नवे हप्तेही थकू लागले. इथे महामंडळाने जे केलं, ते फारसं सांगितलं जात नाही. त्याचे कर्मचारी थकबाकीदाराच्या घरी जायचे आणि अडचण समजून घ्यायचे. एखादी खोली भाड्याने देता येईल का, सरकारी मदत मिळेल का, कुठे काम मिळेल का, हे बघायचे. प्रयत्न करणाऱ्याला वर्षभराहून जास्त थकबाकी असली तरी सांभाळून घेतलं जाई. १९३९मध्ये व्याज साडेचार टक्क्यांवर आणलं गेलं आणि गरजूंना २५ वर्षांपर्यंत मुदत मिळाली.

एवढं करूनही जवळपास २ लाख घरं गेली, म्हणजे पाचातलं एक. शिवाय याच महामंडळाने दोनशेहून अधिक शहरांचे नकाशे रंगवले. त्यात कृष्णवर्णीयांच्या वस्त्या जवळजवळ सगळीकडे लाल, म्हणजे ‘धोक्याच्या’ ठरल्या. या नकाशांचा प्रत्यक्ष परिणाम किती झाला, यावर इतिहासकारांत वाद आहे. महामंडळाने स्वतः कृष्णवर्णीय कुटुंबांनाही कर्जं दिली होती. पण १९३४पासून नव्या गृहकर्जांना सरकारी हमी देणाऱ्या संस्थेने त्याच विचाराने अशा वस्त्यांना दूर ठेवलं. हातचं घर टिकवायला मदत मिळाली, पण पुढचं घर कोणाला घेता येणार, यावर रंगाची रेघ ओढली गेली.

१९५१मध्ये महामंडळ बंद झालं, तेव्हा हिशेबात थोडा नफाच उरला होता. धीर धरणं तोट्याचं ठरलं नाही.

लांब मुदत, ठरलेला हप्ता, त्यात थोडं मुद्दल: आपल्या ईएमआयचा साचाही हाच आहे. धीर मात्र त्याच्यासोबत आलाच असं नाही. आपल्याकडे हप्ता ९० दिवसांहून जास्त थकला की खातं एनपीए ठरतं आणि २००२च्या सरफेसी कायद्यानुसार बँक ६० दिवसांची नोटीस देऊन ताब्याच्या दिशेने पाऊल टाकू शकते. तेव्हा अमेरिकेत महामंडळाचा माणूस स्वतःहून दार वाजवायचा. इथे ते ९० दिवस सरायच्या आत बँकेचं दार आपल्यालाच वाजवावं लागतं.